किडनी बिघडली म्हणून ब्लड कॅन्सरचा इलाज थांबवायचा नसतो, उलट घाई करायची असते

नाशिक : पाठ-कंबर दुखणं हा आपल्याकडे आजार धरलाच जात नाही. कांदा लागवडीला दिवसभर वाकायचं, द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर मान वर करून काम करायचं, त्यात पाठ दुखणारच. दुखली की मेडिकलमधून चार गोळ्या आणायच्या, नाहीच राहिलं तर एक इंजेक्शन मारून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतात. बहुतेकांचं दुखणं खरंच तेवढंच असतं. पण थोड्या लोकांत त्या दुखण्यामागे ब्लड कॅन्सरचा एक प्रकार लपलेला असतो, आणि तो हाडं पोखरता पोखरता किडनीही बंद पाडतो. त्याचं नाव मल्टिपल मायलोमा.

समजा, निफाडकडचा अठ्ठावन्न वर्षांचा एक शेतकरी आहे. ही कुणा एकाची गोष्ट नाही, समजायला सोपं जावं म्हणून मांडली आहे. चार महिने पाठ दुखते, गोळ्या चालू आहेत. मग जेवण जाईना, मळमळ, पायावर सूज, दोन पावलं चाललं की दम. तालुक्याला रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसात आणि क्रिएटिनिन सहा. नाशिकला नेलं, 'किडनी फेल' म्हणून डायलिसिस सुरू झालं. आठ दिवसांनी एका डॉक्टरांना शंका आली, आणखी तपासण्या झाल्या आणि ब्लड कॅन्सर निघाला.

आता घरात बैठक बसते. कुणीतरी जाणता म्हणतो, "आधी किडनी नीट होऊ द्या, अंगात ताकद येऊ द्या, मग केमोचं बघू. या अवस्थेत केमो झेपायची नाही." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण या आजारात नेमकं हेच चुकतं. किडनी ज्या कारणानं बिघडली ते कारण कॅन्सर आहे. कारण तसंच ठेवून किडनी नीट व्हायची वाट बघितली, तर किडनी कायमची जाते. इथं केमो हाच किडनीचाही इलाज आहे, आणि तो दिवसांत सुरू व्हावा लागतो, महिन्यांत नाही.

ठिबकची नळी चोक होते, तसंच

आपल्या हाडांच्या पोकळीत मगज असतो, त्याला डॉक्टर बोन मॅरो म्हणतात. रक्त तिथं तयार होतं. त्यातच प्लाझ्मा पेशी नावाच्या पेशी असतात. जंतूंशी लढणारी प्रथिनं, म्हणजे अँटीबॉडी, बनवणं हे त्यांचं काम. मायलोमात यातली एकच पेशी बिघडते आणि तिची पिलावळ वाढत जाते. सगळ्या मिळून एकाच प्रकारचं, काहीही कामाचं नसलेलं प्रथिन दिवसरात्र रक्तात सोडत राहतात. त्या प्रथिनाचे छोटे तुकडे असतात, त्यांना लाइट चेन म्हणतात. किडनीला खरा त्रास या लाइट चेनचा.

एका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला पुढे एक बारीक नळी. लाइट चेन आकारानं लहान, त्यामुळे गाळणीतून सहज खाली उतरतात. थोड्या असतील तर नळी त्यांची विल्हेवाट लावते. पण लोंढाच आला की त्या लघवीत मुळातच असणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाला चिकटतात आणि नळीत मेणासारखे घट्ट बुच तयार होतात. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. विहिरीतून गाळ येत असेल तर लॅटरल कितीही धुवा, ड्रिपर पुन्हा चोक होणार. आधी गाळ थांबवावा लागतो. डायलिसिस रक्तातली घाण काढतं, पण गाळ जिथून येतोय ते तोंड बंद करत नाही. ते काम केमोचं.

त्यात भर म्हणजे, पोखरलेल्या हाडांतून कॅल्शियम सुटून रक्तात येतं. कॅल्शियम वाढलं की लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं, तहान लागते, बद्धकोष्ठ होतं, माणूस गुंगीत बोलतो. पाणी कमी झालं की नळ्यांत लाइट चेन आणखी घट्ट बसतात. आणि वरून पाठदुखीची गोळी. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड या सगळ्या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्ताचा पुरवठा कमी करतात. धडधाकट माणसाला दोन दिवस घेतल्यानं सहसा काही होत नाही. पण ज्याच्या किडनीत आधीच बुच बसायला लागलेत, त्याला आठवडाभराच्या गोळ्या डायलिसिसपर्यंत नेऊ शकतात.

निदान होतं तेव्हाच दर पाच रुग्णांपैकी किमान एकाची किडनी बिघडलेली असते. काही ठिकाणच्या नोंदींत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जातं. म्हणजे ही क्वचित होणारी भानगड नव्हे.

गंमत म्हणजे या आजाराची पहिली खूण लघवीतच सापडली होती. १८४५ साली लंडनमध्ये पंचेचाळीस वर्षांचा एक किराणा दुकानदार हाडांच्या असह्य दुखण्यानं अंथरुणाला खिळला होता. त्याच्या लघवीत डॉक्टरांना काहीतरी वेगळं दिसलं. तापवलं की ते विरघळायचं, थंड झालं की पुन्हा गोठायचं. नमुना हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टरांकडे तपासायला गेला. रुग्ण दोन महिन्यांत वारला, पण त्या प्रथिनाला बेन्स जोन्स प्रोटीन हे नाव पडलं. आजही लॅबच्या यादीत ते नाव दिसतं, आणि ते म्हणजे याच लाइट चेन.

साध्या रिपोर्टमध्येच खुणा असतात

मोठ्या तपासणीच्या आधी घरात पडलेल्या साध्या रिपोर्टवरही शंका घेता येते. वय पन्नाशीच्या पुढे, हाडांचं दुखणं महिना-दीड महिना हटत नाही, हिमोग्लोबिन कारण नसताना दहाच्या खाली, आणि क्रिएटिनिन वाढतंय, हे एकत्र आलं की डॉक्टरांना सरळ विचारावं, "मायलोमाची तपासणी करायची का?" ईएसआर शंभराच्या पुढे असेल तर तीही एक खूण. लिव्हरच्या रिपोर्टमध्ये टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिन असे दोन आकडे असतात. टोटल भरपूर आणि अल्ब्युमिन कमी, असं मोठं अंतर दिसलं तर मधली जागा कुठल्यातरी जास्तीच्या प्रथिनानं भरली आहे. मात्र काही रुग्णांत फक्त लाइट चेनच तयार होतात, तेव्हा टोटल प्रोटीन नॉर्मलही येतं. म्हणून हा आकडा चांगला आला म्हणजे सुटलो, असं धरू नये.

एक फसवी गोष्ट इथं सांगायलाच हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा छोट्या लॅबमध्ये लघवीत पट्टी बुडवून प्रोटीन बघतात. ती पट्टी अल्ब्युमिन पकडते, लाइट चेन पकडत नाही. त्यामुळे पट्टीवर 'निल' आलं तरी लघवीतून लाइट चेन वाहत असू शकतात.

दुसरी फसवणूक शुगर-बीपीची. ज्याला आधीपासून शुगर आहे त्याचं क्रिएटिनिन वाढलं की घरचे आणि कधीकधी डॉक्टरही शुगरलाच दोष देऊन मोकळे होतात. पण शुगरनं किडनी हळूहळू, वर्षानुवर्षांत जाते. दोन-तीन महिन्यांत क्रिएटिनिन दीडवरून पाचवर गेलं, तर दुसरं कारण शोधलंच पाहिजे.

पक्कं निदान करायला रक्ताची सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन आणि फ्री लाइट चेन या तपासण्या लागतात, आणि कमरेच्या हाडातून बोन मॅरोचा नमुना. नमुना काढायला जागा बधिर करतात, थोडं दुखतं, पण रुग्ण त्याच दिवशी घरी येऊ शकतो. 'हाडात सुई घातली की माणूस लुळा पडतो' असं गावात बोललं जातं, त्यात काही तथ्य नाही. हाडांसाठी एक्स-रे किंवा सीटी करतात. सीटीच्या वेळी शिरेतून रंगाचं औषध देणार असतील तर किडनीचा त्रास आहे हे आधी सांगावं. हाडं बघायला तो रंग बहुतेक वेळा लागतही नाही.

फवारणीमुळे होतो का, हा प्रश्न शेतकरी विचारणारच. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत शेतकऱ्यांमध्ये मायलोमा इतरांपेक्षा थोडा जास्त दिसला आहे. पण अमुक औषधानं हा झाला, असं बोट ठेवण्याइतकं सिद्ध झालेलं नाही. फवारताना तोंड-हात झाकायला मात्र ते सिद्ध व्हायची वाट बघायची गरज नाही.

किडनी बिघडलेली असताना कोणतं औषध चालतं?

इथं खरी दिलाशाची बाब आहे. मायलोमाचं आजचं एक मुख्य औषध बोर्टेझोमिब, आणि किडनी बिघडली म्हणून त्याचा डोस कमी करावा लागत नाही. पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली छोटं इंजेक्शन, बहुधा आठवड्याला एक. सोबत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या गोळ्या आणि तिसरं एखादं औषध, जसं सायक्लोफॉस्फामाइड किंवा थॅलिडोमाइड. अमेरिकेत बोर्टेझोमिबला २००३ साली मंजुरी मिळाली. आता भारतीय कंपन्याही ते बनवतात, त्यामुळे किंमत पूर्वीपेक्षा बरीच उतरली आहे.

थॅलिडोमाइडचं नाव जुन्या लोकांनी वाईट अर्थानं ऐकलं असेल. साठ वर्षांपूर्वी गरोदर बायांना दिलेल्या या गोळीनं परदेशात हजारो बाळं अपंग जन्मली. तीच गोळी मायलोमावर चालते हे १९९९ साली अमेरिकेत सीमा सिंघल आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी दाखवून दिलं. किडनीसाठी तिचा डोस बदलावा लागत नाही. पण घरात गरोदर बाई असेल तर या गोळीला तिचा हातही लागू देऊ नये.

लेनालिडोमाइडचं उलट आहे. औषध चांगलं, पण ते किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी मंद असेल तर अंगात साचून रक्ताच्या पेशी खाली आणतं. म्हणून क्रिएटिनिन बघून डोस कमी करतात किंवा दिवसाआड देतात. शेजारच्या गावातल्या रुग्णाला पंचवीस मिलिग्रॅमची गोळी आहे आणि आपल्याला दहाचीच दिली, म्हणून डॉक्टरवर संशय घेऊ नये. डाराट्युमुमॅब हे नवं औषध किडनीला चालतं, पण महाग आहे. ते चालू असेल तर रक्त चढवण्याआधी रक्तपेढीला सांगावं लागतं, कारण त्या औषधानं रक्त जुळवण्याची तपासणी गोंधळते.

हाडं मजबूत करायला झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन देतात. ते किडनीला झेपेलच असं नाही. किडनीचं काम तीस टक्क्यांच्या खाली असेल तर ते सहसा टाळतात आणि त्याऐवजी डेनोसुमॅब देतात. यातलं कोणतंही सुरू करण्याआधी दात दाखवून घ्यावेत. मध्येच दाढ काढली तर जबड्याचं हाड भरून येत नाही, असा त्रास काहींना होतो.

त्रास बोर्टेझोमिबचाही आहेच. हातापायाला मुंग्या, बधिरपणा येतो. अनवाणी चालताना काटा टोचलेला कळत नाही, इतकं झालं तर लगेच सांगायचं, डोस कमी करता येतो. अंगावर नागीण उठू शकते, म्हणून अ‍ॅसायक्लोव्हिरची गोळी आधीच चालू ठेवतात. तिचाही डोस किडनी बघून ठरतो. नागीण उठलीच तर मंत्र-लेप करत बसण्यात दिवस घालवू नयेत. स्टिरॉइडनं शुगर चढते, झोप उडते, माणूस चिडचिड करतो. घरच्यांनी ते मनावर घेऊ नये, ते औषध बोलतंय.

डायलिसिस लागलं म्हणजे संपलं का?

नाही. फ्रान्समध्ये सुमारे शंभर रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सगळे मायलोमामुळे डायलिसिसवर गेलेले, सगळ्यांना बोर्टेझोमिब आणि डेक्सामेथासोन दिलेलं. निम्म्या लोकांना खास मोठ्या छिद्रांच्या गाळणीनं डायलिसिस दिलं, निम्म्यांना नेहमीच्या. तीन महिन्यांनी नेहमीच्या गाळणीवरचे साधारण तेहेतीस टक्के आणि खास गाळणीवरचे एकेचाळीस टक्के रुग्ण डायलिसिसमधून सुटले होते. दोन्हींतला फरक ठामपणे सांगता येईल इतका मोठा नव्हता, म्हणजे महागड्या गाळणीच्या मागे धावायचं कारण नाही. पण दहातले तीन-चार जण डायलिसिसमधून बाहेर पडू शकतात, हे महत्त्वाचं. बाकीच्यांना डायलिसिस चालू ठेवून कॅन्सरचा इलाज घेता येतो.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटही अशा रुग्णांना बंद नाही. त्यात द्यायच्या मेल्फॅलान औषधाचा डोस कमी करतात आणि धोका जास्त असतो, म्हणून वय आणि तब्येत बघून डॉक्टर ठरवतात. एक लक्षात ठेवावं, मायलोमा बहुतेकांत मुळासकट जात नाही. तो दाबून ठेवता येतो, काहींत बरीच वर्षं. पुन्हा वर आला की औषध बदलावं लागतं.

पाणी किती प्यायचं यावर घराघरात वाद होतात. ज्याला लघवी नीट होते आणि अंगावर सूज नाही, त्याला डॉक्टर दिवसाला अडीच-तीन लिटर सांगतात. नळ्या वाहत्या राहाव्यात म्हणून. ज्याची लघवी बंद पडत आलीय आणि डायलिसिस चालू आहे, त्याला तेवढं पाणी छातीत साठून जीव गुदमरवेल. त्यामुळे एकाचं ऐकून दुसऱ्यानं पिऊ नये, स्वतःचा आकडा डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्यावा. एप्रिल-मेच्या उन्हात जुलाब-उलट्या झाल्या तर घरी सलाईनवाल्याची वाट न बघता दवाखाना गाठावा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किंवा डॉक्टर देतील तीच गोळी. काढे, भस्म, 'किडनी साफ करणारी' पावडर, यातल्या काहींत शिसं-पारा सापडलेला आहे, त्यामुळे सरळ दूर ठेवावं.

ल्युकेमिया, लिम्फोमा या दुसऱ्या ब्लड कॅन्सरमध्येही किडनी जपावी लागते, पण कारण वेगळं. तिथं केमोनं कॅन्सरच्या पेशी एकदम मरतात आणि त्यांच्यातलं युरिक अ‍ॅसिड, पोटॅशियम रक्तात उसळतं. म्हणून आधीच सलाईन आणि अ‍ॅलोप्युरिनॉलसारखी गोळी देतात आणि पहिले काही दिवस पुन्हा पुन्हा रक्त तपासतात. रोज सुई टोचतात म्हणून रुग्णाला उचलून घरी आणू नये.

जायचं कुठं, खर्चाचं काय?

या आजारात किडनीचा डॉक्टर आणि रक्ताच्या कॅन्सरचा डॉक्टर, दोघांनी एकमेकांशी बोलणं गरजेचं असतं. नाशिकला शालिमारजवळच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात किडनी आणि कॅन्सर हे दोन्ही विभाग आहेत. खासगी मोठी कॅन्सर रुग्णालयंही शहरात आहेत. मुंबईला परळचं टाटा हॉस्पिटल आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी त्यांचंच खारघरचं अ‍ॅक्ट्रेक. पंचवटी एक्सप्रेस दादरला थांबते, तिथून परळ जवळ आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वे तिकिटात सवलत असते, त्यासाठी रुग्णालयाचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि कॅन्सरची केमो, दोन्ही येतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण असून आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही ते खुलं आहे. मात्र योजनेतल्या रुग्णालयातच जावं लागतं आणि प्रत्येक औषध पॅकेजमध्ये बसतंच असं नाही. महागड्या औषधाची चिठ्ठी हातात पडली की आधी तिथल्या आरोग्यमित्राला दाखवावी आणि विचारावं, यातलं कोणतं योजनेत आहे, नसेल तर योजनेत बसणारं दुसरं औषध डॉक्टर देऊ शकतात का. योजनेचा हेल्पलाइन नंबर १५५३८८. रेशनकार्ड, आधार आणि दोन्हींतल्या नावांचं स्पेलिंग आधीच जुळवून घ्यावं. इथंच निम्म्या लोकांचा दिवस वाया जातो.

डायलिसिस आणि इंजेक्शन एकाच दिवशी आलं तर आधी डायलिसिस, मग बोर्टेझोमिब. हे दोन वेगवेगळ्या दवाखान्यांत होत असेल तर वेळ घरच्यांनाच जुळवावी लागते. फिस्टुला केलेल्या हातातून रक्त काढू द्यायचं नाही, बीपीही मोजू द्यायचं नाही. ताप १०० च्या वर गेला तर रात्र असली तरी थांबायचं नाही.

आणि नाशिकला निघताना सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून फाईलमध्ये घ्यावेत. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंही त्याच पिशवीत टाकावीत. कोणती गोळी, किती दिवस घेतली, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, आणि तिथं बहुतेकांना 'पांढरी, लांबट' एवढंच आठवतं.